डॉक्टरसाहेब, जरा गाडी ढकलता?

पृथ्वीवर परग्रहवासी चाल करून आले, तर त्यांना थोपवायला कोणाला धाडायचे याबाबत व्हिडिओ गेम बनवणाऱ्यांचे फार पूर्वीपासून एकमत आहे. माणूस दंडाने भक्कम हवा. मान कुठे संपते आणि खांदा कुठे सुरू होतो हे चटकन कळू नये. बोलायचेच झाले तर समोरचा मेल्यावर एखादे वाक्य फेकावे, म्हणजे उलट उत्तराची भीती नाही. १९९६ च्या 'ड्यूक न्यूकेम थ्रीडी'मधला ड्यूक असाच. परग्रहावरची जनावरे लॉस एंजेलिसमध्ये उतरतात, बायका पळवतात, आणि हा गडी अंधारातही डोळ्यांवरचा गॉगल न काढता त्यांचा समाचार घेतो. २००१ च्या 'हेलो'मधला मास्टर चीफ चिलखतातून बाहेरच येत नाही. २००७ च्या 'क्रायसिस'मध्ये नायकाचा सूट इतका कर्तबगार आहे की आत माणूस नसता तरी युद्ध अडले नसते. (त्या गेममध्ये खरी धास्ती परग्रहवासीयांची नव्हतीच. आपला कॉम्प्युटर तो गेम ओढेल का, ही होती. भल्याभल्यांच्या घरचे कॉम्प्युटर शत्रू दिसायच्या आधीच गारद झाले.)

या पैलवानांत नोव्हेंबर १९९८ मध्ये एक चष्मेवाला शिरला. जाड काळी फ्रेम, बोकडदाढी, चेहऱ्यावर रात्री उशिरापर्यंत वाचत बसल्याचा भाव. नाव गॉर्डन फ्रीमन, गेमचे नाव 'हाफ-लाइफ'. गेम सुरू होताच पडद्यावर त्याचा बायोडेटा उमटतो. वय २७. शिक्षण : एमआयटीतून सैद्धांतिक भौतिकशास्त्रात पीएचडी. (ही एमआयटी मॅसॅच्युसेट्सची. कोथरूडकरांनी उगाच ताठ बसू नये.) हुद्दा : रिसर्च असोसिएट. त्याखाली आणखी दोन-चार रकाने, आणि सगळ्यात शेवटी 'आपत्तीच्या वेळी मदतीचा प्राधान्यक्रम : ऐच्छिक'. म्हणजे आग लागली तर याला बाहेर काढायचे की नाही, हे त्या वेळी जो शिडी घेऊन उभा असेल त्याने आपल्या सवडीने ठरवावे. सुज्ञ माणसाने हा रकाना वाचून तिथूनच परतीची गाडी पकडली असती. फ्रीमन कामावर जातो.

'हाफ-लाइफ' हा परग्रहवासीयांच्या स्वारीवरचा गेम आहे, असे सगळे म्हणतात. माझे मत वेगळे आहे. हा नोकरीवरचा गेम आहे. परग्रहवासी त्यात येतात ते ऑडिटची माणसे येतात तसे : कोणी बोलावलेले नसते, पण आपल्याच कुठल्यातरी जुन्या कागदाचा माग काढत आलेले असतात. आणि ती आली की साहेब नेमके टूरवर असतात.

पुरावा म्हणून सुरुवातीचीच काही मिनिटे घ्या. बंदुकीच्या गेममध्ये बंदूक लगेच हातात यावी, निदान समोर पडलेली तरी दिसावी, अशी गिऱ्हाइकाची अपेक्षा असते. इथे आपल्याला ट्रामच्या डब्यात बसवतात. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटाखाली ब्लॅक मेसा नावाची अवाढव्य संशोधन संस्था आहे, तिच्या पोटातून ही ट्राम सावकाश जात राहते. उतरता येत नाही. करण्यासारखे काही नाही. खिडकीतून बाहेर बघायचे आणि घोषणा ऐकायच्या. सकाळचे ८ वाजून ४७ मिनिटे झाली आहेत. बाहेर ९३ अंश फॅरनहाइट, दिवसभरात १०५ पर्यंत चढेल. (चंद्रपूरचा माणूस हे ऐकून कपाटातून स्वेटर काढील.) अमुक विभागात जागा भरायच्या आहेत, नात्यातले किंवा ओळखीचे कोणी लायक असेल तर कळवा. ठरलेल्या दिवशी लघवीची किंवा किरणोत्साराची तपासणी चुकवलीत तर तत्काळ नोकरीवरून कमी केले जाईल. ही शेवटची घोषणा ऐकता ऐकता खिडकीबाहेर काहीतरी हिरवे रसायन जमिनीवर सांडलेले दिसते आणि एक यंत्र त्यातून निवांत फिरत असते. पुढे एक सुरक्षारक्षक बंद दारावर थापा मारताना दिसतो. आतून कोणी उघडत नाही. त्याचीही कामाची वेळ टळत असणार.

या घडीपर्यंत एकही परग्रहवासी आलेला नाही, तरी संस्था बुडणार हे कोणाही नोकरदाराला कळून चुकलेले असते.

आत पोचल्यावर टेबलावरचा रक्षक सांगतो की डॉक्टरसाहेब, तुमच्यासाठी बरेच निरोप होते, पण वीसेक मिनिटांपूर्वी सिस्टम बसली, फायली सापडत नाहीत. खाली टेस्ट चेंबरमध्येही काहीतरी गडबड होती म्हणे, पण ती आता मिटली असावी. 'मिटली असावी' हा सूर ज्याने ओळखला त्याने पुढची कथा ओळखली. सहकारी भेटतात, ते आधी उशिरा आल्याचे सुनावतात. मग कळते की आजचा नमुना आजवरचा सगळ्यात शुद्ध आहे, तो मिळवायला वरच्यांनी बऱ्याच खटपटी केल्या आहेत, आणि प्रशासकसाहेबांना आज निष्कर्ष हवाच आहे. यंत्राची क्षमता त्यासाठी १०५ टक्क्यांवर नेली आहे. थोडा जुगार आहे, पण त्याशिवाय आकडे स्पष्ट येत नाहीत. एक वैज्ञानिक धोक्याचे काही सांगू पाहतो, तेवढ्यात दुसरा त्याला गप्प करतो : गॉर्डनला हे सगळे ऐकायची गरज नाही, तो कसलेला माणूस आहे.

आता या कसलेल्या, सैद्धांतिक भौतिकशास्त्रातल्या डॉक्टरेटने नेमके काय करायचे असते? शिडी चढून एक बटण दाबायचे. शिडी उतरायची. चाकांच्या गाड्यावर नमुना येतो, तो ढकलत किरणाखाली न्यायचा. संपले. सिद्धांत मांडणारे सगळे काचेमागे उभे आहेत, आणि मराठीत ज्याला आपण हमाली म्हणतो ती करायला पीएचडी आत सोडला आहे. मराठी वाचकाची सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञाशी ओळख बहुधा जयंत नारळीकरांमुळे झालेली. त्यांच्या विज्ञानकथांत संकट आले की माणसे फळ्यापाशी जातात. इथे गाडा ढकलल्यावर हिरवा लोळ उठतो, छत खाली येते, विश्वाला भोक पडते, आणि फळा शोधावा तर भिंतच जागेवर नसते.

आपण गाडा ढकललाच नाही तर? मी हे करून पाहिले आहे. कथा पुढे सरकत नाही. ध्वनिवर्धकातून घाई करण्याच्या सूचना येतात, यंत्र एवढ्या ताणावर किती टिकेल सांगता येत नाही असेही सांगतात. पण 'साहेब, हे आज नको' म्हणायला कीबोर्डवर बटणच दिलेले नाही. चालणे आहे, उडी आहे, वाकणे आहे, गोळी आहे. नकार नाही. सगळ्या बटणांत ही एवढी एक उणीव ठेवली, आणि पृथ्वी गेली.

मग येतात ते. झेन नावाच्या दुसऱ्या मितीतल्या सरहद्दीच्या प्रदेशातून. भाजलेल्या कोंबडीला पाय फुटावेत तसला हेडक्रॅब, जो उडी मारून थेट डोक्यावर बसतो आणि खालच्या माणसाला आपल्या मर्जीने चालवतो. छताला चिकटून जीभ खाली सोडून बसलेला बार्नॅकल, जो स्वतः कुठे जात नाही, कोणाला काही करत नाही, फक्त खालून जाणाऱ्याला वर ओढून गिळतो. प्रत्येक मोठ्या संस्थेत अशा जागेवर कोणीतरी असतेच, त्यामुळे त्याचे फारसे नवल वाटत नाही. एका रॉकेट इंजिनाच्या चाचणीच्या विहिरीत सोंडांचा प्राणी आहे. तो आंधळा आहे, पण कान तिखट, पावलाचा आवाज झाला की वार करतो. त्याला जाळायचे तर त्याच्यावरचे इंजिन पेटवायला हवे, इंजिनाला इंधन हवे, प्राणवायू हवा, वीज हवी. तिन्हींची खाती वेगळ्या बाजूंना, वेगळ्या पातळ्यांवर, आणि खिडकीवर एकही माणूस नाही. डॉक्टर फ्रीमन दबक्या पावलांनी एकेका खात्यात जाऊन चाके फिरवून येतो. शेवटचे बटण दाबले की प्राणी जळून जातो, आणि आपल्याला वाटते की आपली फाइल पास झाली.

यातले बहुतेक काम तो कटावणीने करतो. त्याची कटावणी लाल रंगाची आहे, आणि गेली पंचवीसहून अधिक वर्षे ती व्हिडिओ गेमच्या जगातले एक पूज्य हत्यार मानली जाते. चोरीच्या बातम्यांत कुलूप तोडणारे जे अवजार आपण वाचतो तेच. एमआयटीने याला शिकवलेले समीकरण पूर्ण गेममध्ये एकदाही कामी येत नाही.

आता एक अडचणीचा प्रश्न. स्वारी कोणी कोणावर केली? गेमच्या मध्यावर 'क्वेश्चनेबल एथिक्स' नावाचा भाग आहे. (एक भाग तर चक्क 'ऑफिस कॉम्प्लेक्स' नावाचा आहे. माझ्या सिद्धांताला एवढे पाठबळ मी मागितलेही नव्हते.) तिथल्या प्रयोगशाळांत झेनचे प्राणी आधीपासूनच पिंजऱ्यांत आणि काचेच्या टाक्यांत कोंडलेले दिसतात. पुढे आपण झेनमध्ये जातो, तर तिथे फ्रीमनच्याच संरक्षक सूटसारखे सूट घातलेली माणसांची प्रेते पडलेली. म्हणजे आपली माणसे त्यांच्याकडे आधीच जाऊन आली होती, नमुने घेऊन आली होती, आणि तो शुद्धातला शुद्ध नमुना तिकडचाच स्फटिक होता. त्यांचे येणे ही परतीची भेट होती. तिकडे एक कारखाना आहे, आणि त्यात व्हॉर्टिगॉन्ट जातीचे प्राणी गळ्यात पट्टा आणि मनगटांत कड्या घालून पाळीवर उभे आहेत. त्यांना डिवचले नाही तर ते आपल्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. पृथ्वीवर ज्यांना आपण डझनांनी मारले ते हेच. तेही नोकरीवरच आले होते, आणि त्यांचाही प्राधान्यक्रम ऐच्छिकच असणार.

मला या गेमची गोडी लावली ती माझ्या भाच्याने. फ्रीमन सगळ्या गेममध्ये एक अक्षर बोलत नाही, हे मला फार खटकले होते. डोक्यावर छत कोसळते, मित्र मरतात, हा हूं का चूं करत नाही.

"मामा, तो बोलत नाही कारण तो म्हणजे तू आहेस," भाचा म्हणाला. "तू खुर्चीत बसून जे म्हणशील ते त्याचं बोलणं."

"पण मी एवढा वेळ गप्प कधी बसलोय?"

"तेच तर. सैनिकांचा आवाज ऐकू येत नाही तुला, आणि मग तू मरतोस."

भाच्यांशी वाद घालू नये. पण माझे निरीक्षण असे आहे की फ्रीमन गप्प असला तरी त्याचा सूट भयंकर बोलका आहे. तो सूट बाईच्या आवाजात, पासबुक छापून देणाऱ्या यंत्राच्या शांतपणाने, सगळे सांगत असतो. किरकोळ अस्थिभंग आढळला. रक्तस्राव सुरू आहे. मॉर्फिन दिले आहे. वैद्यकीय मदत घ्या. ही मदत भिंतीवरच्या पेटीतून मिळते. बटण दाबून धरायचे की शक्ती भरते, पेटी रिकामी झाली की ती गुरकावते. सगळ्या ब्लॅक मेसामध्ये डॉक्टर म्हणावे असे पुष्कळ, पण जखमेला पट्टी बांधील असा एक नाही; फार तर एखादा सुई टोचतो.

मध्येच सरकारी मदत येते. इतका वेळ कपाटांत आणि टेबलांखाली दडलेले वैज्ञानिक एकमेकांना धीर देत असतात की लष्कर येईल, आपल्याला सोडवील. लष्कर येते. एक वैज्ञानिक हात वर करून 'आलात, वाचलो!' अशा आवेशात धावत जातो आणि सैनिक त्याला गोळी घालतो. वरून हुकूम असा की प्रकरण मिटवायचे, आणि प्रकरण मिटवायचा खात्रीचा मार्ग म्हणजे प्रकरण माहीत असलेली माणसे मिटवणे. त्या काळी या सैनिकांच्या हुशारीची फार वाहवा झाली. ते आडोसा घेतात, एकमेकांना हाका देतात, आपण दडून बसलो तर हातबॉम्ब टाकून बाहेर काढतात. हुशारी युद्धापुरतीच आहे. उघड्यावर एका भिंतीवर त्यांनी फ्रीमनला ठार मारण्याची धमकी रंगवली आहे, तीत इंग्रजीचे स्पेलिंग चुकले आहे. पीएचडीला गोळीपेक्षा ते जास्त लागले असेल.

हा सगळा खटाटोप ज्यांनी रचला त्यांची नोकरीविषयीची मते कुठून आली असतील, याचा अंदाज करता येतो. गेब न्यूएल आणि माइक हॅरिंग्टन हे दोघे मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडले आणि १९९६ मध्ये त्यांनी व्हॉल्व्ह ही कंपनी काढली. न्यूएल हार्वर्डचे शिक्षण अर्धवट टाकून मायक्रोसॉफ्टला गेले होते आणि तिथे त्यांनी तेरा वर्षे काढली. शिक्षण अर्धवट सोडलेल्या माणसाने पीएचडीच्या हाती कटावणी द्यावी, यात काही हेतू असेलच असे नाही. पण नसेलच असेही मी म्हणणार नाही. 'क्वेक' या गेमचे तयार इंजिन विकत घेऊन, त्यात बरीच मोडतोड करून त्यांनी 'हाफ-लाइफ' उभा केला. १९९७ च्या अखेरीस तो बाजारात यायचा होता. तोपर्यंत बहुतेक झालाही होता. मग त्यांनीच तो पाहिला, त्यांना तो आवडला नाही, आणि त्यांनी जवळजवळ सगळा पुन्हा नव्याने केला. मुदत टळली तरी काम मोडून पुन्हा करायचे, हे ब्लॅक मेसाच्या प्रशासकांना कोणी वेळेवर सांगितले असते तर गेमच झाला नसता. कथा लिहायला त्यांनी मार्क लेडलॉ या कादंबरीकाराला नोकरीवर घेतले. बंदुकीच्या गेमसाठी साहित्यिक नेमायचा, ही तेव्हा चैन होती.

महाराष्ट्रातल्या सायबर कॅफेंत हा गेम मागच्या दाराने शिरला. दोन हौशी पोरांनी 'हाफ-लाइफ'च्या पोटातले सामान वापरून १९९९ मध्ये 'काउंटर-स्ट्राइक' केला, पुढे व्हॉल्व्हने तोच विकत घेतला. त्यात परग्रहवासी नाहीत, पीएचडी नाही, दोन टोळ्या आणि एक बॉम्ब. पुण्या-मुंबईच्या कळकट कॅफेंत हेडफोन लावून एकमेकांच्या आयामायांचा उद्धार करणाऱ्या पिढीला आपण एका भौतिकशास्त्रज्ञाच्या ओसरीवर खेळतो आहोत, याचा पत्ता नव्हता.

मूळ गेमचा शेवट मात्र माझ्या सिद्धांतावर शिक्कामोर्तब करतो. सगळ्या गेममध्ये अधूनमधून एक इसम दिसत राहतो. निळा सूट, टाय, हातात ब्रीफकेस. लोक मरत असताना तो काचेपलीकडे उभा राहून टाय नीट करतो आणि निघून जातो. चाहते त्याला जी-मॅन म्हणतात. फ्रीमन झेनमधल्या प्रचंड डोक्याच्या, अधांतरी तरंगणाऱ्या निहिलान्थ नावाच्या प्राण्याला मारतो, आणि आता सत्कार होईल असे वाटत असताना हा इसम त्याला गाठतो आणि नोकरी देऊ करतो. आपल्या वरिष्ठांना तुमचे काम आवडले आहे म्हणतो. नको असेल तर हरकत नाही, मग शस्त्रे काढून घेऊन शत्रूंच्या घोळक्यात सोडण्यात येईल. जगातली ही एकमेव मुलाखत असावी जिच्यात उमेदवाराला एक शब्द बोलावा लागत नाही. पगार, सुट्ट्या, प्रवासभत्ता, कशाचा विषय निघत नाही. मौज अशी की या जी-मॅनचा आवाज आणि ब्लॅक मेसाच्या साध्यासुध्या रक्षकांचा आवाज एकाच नटाने दिला आहे, माइक शपिरो यांनी. संस्थेत दाराशी उभा असलेला आणि सगळ्यांच्या वर बसलेला यांचा आवाज एकच निघावा, हे शहाणपण चुकून आले असले तरी शहाणपण आहे.

दुसरा भाग नोव्हेंबर २००४ मध्ये आला. तोवर कथेत वीसेक वर्षे लोटली आहेत, फ्रीमनला जी-मॅनने इतकी वर्षे कुठेतरी ठेवून दिले होते, आणि पृथ्वी कम्बाइन नावाच्या बड्या परग्रही साम्राज्याच्या ताब्यात गेली आहे. युद्ध सात तास चालले. आपल्याकडे हाउसिंग सोसायटीची वार्षिक सभा याहून लांबते. मानवजातीच्या वतीने शरणागतीची बोलणी कोणी केली, तर डॉ. वॉलेस ब्रीन यांनी. हे कोण? ब्लॅक मेसाचे तेच प्रशासक, ज्यांना त्या दिवशी निष्कर्ष हवाच होता. म्हणजे ज्या साहेबांच्या घाईने विश्वाला भोक पडले, त्यांना चौकशी नाही, निलंबन नाही, थेट पृथ्वीचा कारभार. ज्याने गाडा ढकलला तो फरार आरोपी. हा भाग खेळताना मला एकदाही विज्ञानकथा वाचल्यासारखे वाटले नाही.

सिटी १७ हे पूर्व युरोपी धाटणीचे शहर आहे. गेमचे कलादिग्दर्शक व्हिक्टर अँतोनोव्ह बल्गेरियातल्या सोफियाचे, त्यामुळे त्या भिंतींचा उडालेला रंग आणि रिकामे ट्रामचे रूळ ऐकीव वाटत नाहीत. चौकात मोठ्या पडद्यावर ब्रीनसाहेब भाषण देत असतात. कम्बाइनने माणसांची प्रजननक्षमता बंद केली आहे, त्याबद्दल एका चिंतातुर नागरिकाने पाठवलेले पत्र ते वाचून दाखवतात आणि हे तुमच्याच भल्यासाठी कसे आहे, ते लांबलचक समजावतात. तक्रारीचे उत्तर मिळते, हे मान्य केले पाहिजे. स्टेशनवर एक शिपाई मुद्दाम डबा जमिनीवर पाडतो आणि तो उचलून कचऱ्याच्या पेटीत टाकायला सांगतो. टाकला तर वाट सोडतो. त्याच्याच तोंडावर फेकला तर दंडुका घेऊन मागे लागतो. परग्रहावरच्या साम्राज्याची जरब दाखवायला व्हॉल्व्हने अंतराळयान वापरले नाही, एक रिकामा डबा वापरला. मला हा सगळ्या मालिकेतला सगळ्यात उत्तम प्रसंग वाटतो.

फ्रीमनचा हुद्दा मात्र वाढत नाही. जुने सहकारी डॉ. क्लायनर यांच्या गुप्त प्रयोगशाळेत तो पोचतो (त्यांनी एक हेडक्रॅब पाळला आहे आणि त्याचे नाव हेडी लामार या नटीवरून लामार ठेवले आहे). तिथे माणसाला दूर पाठवणारे यंत्र अडून बसते. सगळ्यांचे डोळे एमआयटीकडे वळतात. फ्रीमन पुढे होतो आणि निघालेला प्लग बोर्डात खोचतो. मग सांगितलेली कळ दाबतो. बार्नी हा जुना रक्षक तेव्हा म्हणतो की वा, एमआयटीचे शिक्षण कारणी लागले. माझा सिद्धांत गेममधल्याच माणसाने असा बोलून दाखवल्यावर मला थोडे वाईट वाटले, कारण मला वाटत होते तो मीच शोधला. पुढे एके ठिकाणी फळीच्या एका टोकाला विटा रचून दुसरे टोक वर आणायचे असते. आपल्याकडे हा धडा शाळेत 'तरफ' या नावाने येतो. गेमच्या पडणाऱ्या, घरंगळणाऱ्या वस्तूंचे गणित आयर्लंडच्या हॅवॉक कंपनीने पुरवले होते, आणि ते दाखवायचा मोह कोणाला आवरत नव्हता. म्हणून डॉक्टरेट मिळवलेला माणूस विटा वाहतो.

हा दुसरा भाग सप्टेंबर २००३ मध्ये यायचा होता, पण त्याचा सोर्स कोड चोरीला गेला. जर्मनीतल्या एका तरुणाने व्हॉल्व्हच्या कॉम्प्युटरांत शिरकाव केला होता. त्याने पुढे स्वतःच न्यूएल यांना मेल केला, झाले ते सांगितले आणि तुमच्याकडे काम मिळेल का, असे विचारले. कंपनीने त्याची फोनवर मुलाखत घेतली, ती त्याला पकडण्याच्या बेतात होती. शेवटी जर्मन पोलिसांनीच त्याला घरून उचलले. ही गेमची कथा नाही, घडलेली गोष्ट आहे. पण पात्रे बदलली तर ब्लॅक मेसात बेमालूम बसते.

२००६ आणि २००७ मध्ये दोन छोटे भाग आले, दुसरा ऐन पेचात सोडून दिला, आणि तिसरा भाग आलाच नाही. लेडलॉ २०१६ मध्ये कंपनीतून बाहेर पडले. पुढच्या वर्षी त्यांनी पुढची कथा काय असली असती ते पत्ररूपाने लिहून टाकले, पण सगळ्यांची नावे बदलून. त्यात गॉर्डन फ्रीमनची गर्ट्रूड फ्रीमॉन्ट झाली आहे. नोकरी सोडल्यावरही माणूस कार्यालयाला किती वचकून असतो, ते पाहावे. २०२० मध्ये 'हाफ-लाइफ : ॲलिक्स' आला, तो दोन मुख्य भागांच्या मधल्या काळातला. पुढचे राहिले, मधले निघाले.

एक प्रकरण मात्र या मंडळींनी तडीस नेले. पहिल्या गेमच्या सुरुवातीला, अपघाताच्या आधी, कर्मचाऱ्यांच्या खोलीत मायक्रोवेव्ह आहे. त्यात कोणाचे तरी जेवण तापायला ठेवलेले असते. बटण दाबत राहिले तर त्याचा स्फोट होतो आणि शेजारचा वैज्ञानिक हाय खातो. गंमत होती, खेळाडू हसून पुढे जायचे. २००७ च्या भागात डॉ. मॅग्नसन नावाचे तापट गृहस्थ भेटतात. मानवजात संपत आली आहे, कम्बाइनची यंत्रे रॉकेटच्या तळावर चाल करून येत आहेत, आणि मॅग्नसन फ्रीमनला सांगतात की आज नीट काम केलेस तर मायक्रोवेव्हमधल्या त्या जेवणाचे मी विसरून जाईन. मध्ये पृथ्वी हातची गेली, समुद्र आटले, माणसे दुसऱ्यांच्या गुलामीत गेली. याला डबा आठवतो आहे.

आणि ज्यांनी १९९८ मध्ये त्या मायक्रोवेव्हला हातही लावला नव्हता, त्यांनाही ते हेच ऐकवतात. सर्व्हिस बुकात एकदा शेरा पडला की पडला.